सांडपाण्याची मासळी, भरावाची जमीन

कलकत्त्याच्या पूर्वेस तळी, भातशेते व भाजीमळे मिळून सुमारे १२,५०० हेक्टरांचा पाणथळ प्रदेश आहे. शहराचे मैलापाणी तेथील उथळ तळ्यांत, म्हणजे भेरींत, सोडले जाते. उन्हाच्या बळावर त्यात शैवाल व प्लवक वाढतात आणि रोहू, कटला, मृगळ त्यांवर पोसतात. पाणी अधिक सोडले तर पहाटे प्राणवायू घटून मासळी तडफडत वर येते. किती सोडावे, हे कामगार पाण्याच्या रंगावरून व वासावरून ठरवितात. हे शास्त्रच होय, मग त्याला पदवी असो वा नसो! अभियंते ध्रुवज्योती घोष यांनी या पद्धतीचा अभ्यास केला. तिचे कर्ते मात्र मच्छीमारच.

२००२ साली हा प्रदेश रामसर यादीत आला, २००६ साली स्वतंत्र कायदाही झाला. तरी भराव टाकणे थांबले नाही. ते डाव्या आघाडीच्या कारकिर्दीतही थांबले नव्हते, हे आपण कबूल केले पाहिजे. तळे बुजले की जमीनदलालाचा नफा होतो. भेरीवर राबणाऱ्याची रोजी व गरिबाच्या ताटातील स्वस्त मासळी मात्र जाते. म्हणूनच या तळ्यांची राखण त्यांवर राबणाऱ्यांच्या सहकारी संस्थांकडे सोपविण्याची मागणी आपण लावून धरली पाहिजे.