दहा रुपयांचा इतिहास

वडखळ म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात: ट्रॅफिक आणि नाक्यावरचा चहा. मुंबई-गोवा महामार्गावरून अलिबागचा रस्ता इथेच फुटतो. त्या रस्त्याने काही किलोमीटर गेलं की धरमतरचा पूल लागतो. पुलाखाली अंबा नदी आहे, पण इथवर येईपर्यंत ती नदी कमी आणि खाडी जास्त झालेली असते. पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं. ओहोटीला जो करडा चिखल उघडा पडतो, त्याच्यासाठी मला भांडायचं आहे.

भांडणाचं कारण तुमच्या फोनमध्ये आहे. इन्स्टाग्रामवर ‘मडलार्किंग’ शोधून बघा. लंडनमध्ये टेम्स नदीलाही भरती-ओहोटी लागते. पाणी उतरलं की माणसं गमबूट घालून काठावर जातात आणि चिखलातून मातीच्या चिलमी, टाचण्या, नाणी, रोमन भांड्यांचे तुकडे वेचतात. एकोणिसाव्या शतकात हे गरीब पोरांचं पोटापाण्याचं काम होतं. कोळसा, खिळे, दोरखंडाचे तुकडे वेचून ती विकायची. आज तो छंद आहे आणि त्याच्या रील्सना लाखो व्ह्यूज मिळतात. ऑफिसच्या ग्रुपवर अशी रील आली की कुणीतरी मला हमखास विचारतं, “तुझ्या गावाला खाडी आहे ना? मेटल डिटेक्टर घेऊन येऊ का वीकेंडला?”

नको. येऊ नका.

हा छंद आपल्याकडे कुठल्या रूपात येतो, ते आपण पाहिलं आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये ‘छावा’ प्रदर्शित झाला. त्यानंतर महिन्याभरात बुऱ्हाणपूरजवळ असिरगडाच्या पायथ्याशी लोक रात्री टॉर्च आणि मोबाईलच्या उजेडात शेतं खणायला लागले. मुघलांचं सोनं पुरलेलं आहे, अशी अफवा होती. प्रशासनाला मध्ये पडावं लागलं. त्या लोकांना हसणं सोपं आहे. पण जमिनीत दडलेल्या वस्तूचं मोल म्हणजे तिच्या धातूचा भाव, हे त्यांना कुणी शिकवलं? आपण सगळ्यांनी, आणि आपल्या कायद्यानेही.

भारतात सापडलेल्या ‘गुप्तधना’साठी आजही १८७८चा ब्रिटिश कायदा आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवायचं. काय सापडलं, कुठे सापडलं, कधी सापडलं. कळवलं नाही तर तुमचा वाटा जातो आणि वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. ‘सापडलं की सरकारजमा’ असं आपण धरून चालतो, पण कायदा तितका दुष्ट नाही. मालक सापडला नाही तर शोधणाऱ्याला त्यात हक्क मिळतो. सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल तर तिच्या धातूची किंवा जिन्नसाची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा मोजावा लागतो.

म्हणजे खापराच्या तुकड्याची किंमत किती? शून्य अधिक शून्याचा पाचवा हिस्सा.

प्रोग्रामरच्या भाषेत सांगायचं तर या कायद्याचा स्कीमा बरोबर आहे, फिल्टर चुकला आहे. काय, कुठे, कधी हेच तीन रकाने इतिहासाला हवे असतात. पण ते भरायची वेळ दहा रुपयांच्या वरच येते, आणि खाडीचा जवळजवळ सगळा इतिहास दहा रुपयांच्या खाली आहे.

कसा, ते बघा. अंबेच्या मुखापासून दक्षिणेला, किनाऱ्यावरचं चौल हे बंदर पहिल्या-दुसऱ्या शतकांतल्या ग्रीक लेखकांनाही ठाऊक होतं. वर नागोठण्याला सोळाव्या शतकातला दगडी पूल आहे. भरतीच्या पाण्यावर गलबतं थेट नागोठण्यापर्यंत जायची, आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईहून धरमतरला आगबोटी यायच्या. म्हणजे ही खाडी शेकडो वर्षं चालता हमरस्ता होती. हमरस्त्यावर लोक सोनं पुरून ठेवत नाहीत. त्यांच्या हातून भांडी फुटतात, कौलं पडतात, खिळे निसटतात. मंगळूरला बाझल मिशनने १८६५मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि तिथली छाप मारलेली कौलं जहाजांतून किनाऱ्याकिनाऱ्याने विकली गेली. अशा कौलाचा एक तुकडा कुठल्या खाडीत, कुठल्या वळणावर पडला आहे हे कळलं, तर माल कुठे उतरायचा ते कळतं. तोच तुकडा पुण्यात माझ्या डेस्कवर पेपरवेट म्हणून आला, तर त्याचं फक्त वीट-माती होतं.

जागा हरवली की काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९७४मध्ये प्रवरेकाठी दायमाबादला एका शेतकऱ्याला झाडाची मुळं खणताना ब्राँझच्या चार आकृती मिळाल्या: रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस. एकूण वजन साठ किलोंच्या वर. तिथे नंतर शास्त्रशुद्ध उत्खननही झालं. तरी या आकृती नेमक्या कुठल्या काळातल्या, यावर तज्ज्ञांचा वाद संपला नाही, कारण त्या उत्खननातल्या थरातून आलेल्या नाहीत. यात शेतकऱ्याचा दोष नाही. पण इतक्या भव्य वस्तूंची ही गत, तर संदर्भ तुटलेल्या खापराला कोण विचारणार?

आता दुसरी बाजू. “हे तज्ज्ञांचं काम आहे, सामान्य माणसाने चिखलात लुडबुड करू नये,” असं म्हणणारे आहेत. मला विचारायचं आहे की तज्ज्ञ ओहोटीला रोज येणार आहेत का? चिखलात रोज उतरतात त्या खुबे वेचणाऱ्या बाया आणि चिंबोऱ्या धरणारी पोरं. बांधाला खांड पडली की ती बुजवायला उतरतात ते खारेपाटातले शेतकरी. कुठे जुनी लाकडं वर येतात, कुठे पायाला खापरं टोचतात, हे त्यांना पाठ असतं. त्यांना आजवर कुणी विचारलेलं नाही. आणि रेतीचा सक्शन पंप, भरावाचा डंपर आणि बार्जसाठी गाळ उपसणारं यंत्र हे तज्ज्ञांची वाट बघत थांबत नाहीत. खाडीच्या चिखलात हवा पोचत नाही, म्हणून लाकूड आणि चामडंसुद्धा त्यात शतकानुशतकं टिकू शकतं. ते एकदा उपसून भरावात गेलं की संपलं.

लंडनवाल्यांकडून उचलायचंच असेल तर गमबूट नको, त्यांची वही उचलू या. टेम्सकाठी वेचायला तिथल्या बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो. मागणी इतकी वाढली की २०२२मध्ये नवे परवाने देणं थांबवावं लागलं. तीनशे वर्षांहून जुनी वस्तू मिळाली तर ती संग्रहालयाच्या अधिकाऱ्याला दाखवावीच लागते. शिवाय इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९७पासून सामान्य लोकांना सापडलेल्या वस्तूंची सार्वजनिक नोंद ठेवतात. त्यात पंधरा लाखांहून जास्त वस्तू आहेत आणि बहुतेकांची बाजारात किंमत नगण्य आहे. नेमकं ठिकाण सगळ्यांना दाखवत नाहीत, त्यामुळे चोरांना आयता नकाशा मिळत नाही.

आपल्याकडे भरतीच्या रेषेखालची खाडीची जमीन राज्य सरकारच्या मालकीची आहे. म्हणजे जबाबदारी कुणाची, हा प्रश्नच उरत नाही. राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाने एक फोन नंबर आणि एक साधा फॉर्म द्यावा. फोटो, लोकेशन, तारीख, आणि शोधणाऱ्याची हरकत नसेल तर त्याचं नाव. मराठीत, पाच मिनिटांत भरता येईल असा. त्यावर ‘तुम्ही कळवलंत, आभार’ एवढं उत्तर यावं, पोलिसांचा फोन नव्हे. गाळ उपसण्याच्या आणि भराव टाकण्याच्या प्रत्येक कामाला ‘काही सापडलं तर कळवा’ ही अट घालावी. तीन-चार जण मिळून एका महिन्यात बांधू शकतील एवढं ते सॉफ्टवेअर आहे. अडचण तंत्रज्ञानाची नाहीच.

“आधी रस्त्याचे खड्डे बुजवा, मग खापरं मोजा,” हे उत्तर मला ठाऊक आहे. खड्डे बुजवाच. पण खड्डा पुढच्या वर्षीही बुजवता येतो.

शेजारच्या अक्षीचा शिलालेख आठवा. शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२. मराठीतल्या सगळ्यात जुन्या ज्ञात शिलालेखांत त्याची गणना होते. तरी तो वर्षानुवर्षं रस्त्याकडेला ऊन-पाऊस खात उभा होता. जो दगड स्वतः मराठीत बोलतो त्याची ही कथा, तर मुक्या खापराची बाजू आपल्यालाच मांडावी लागेल.

तोवर खाडीवर जरूर या. पण डिटेक्टर आणि फावडं घरी ठेवा, कांदळवनात शिरू नका, ओहोटीची वेळ गावातल्या माणसाला विचारा. काही दिसलं तर शेजारी पेन ठेवून फोटो काढा, लोकेशन जपून ठेवा आणि वस्तू होती तिथेच राहू द्या. रील करायचीच असेल तर जागा सांगू नका.