गोष्ट पाठ करायची नसते हो!

मंडळी, आज जरा भांडायला बसले आहे. विषय तसा साधाच, गोष्ट सांगणं. पण सध्या आमच्या बोरीवलीत (आणि तुमच्याकडेही, डोंबिवलीकरांनी आणि पुण्याच्या वहिनींनी उगाच हसू नये) मुलांना 'कथाकथन' शिकवायच्या नावाखाली जे चाललंय ते बघून गप्प बसवत नाही.

काय चाललंय? शाळेतून नाहीतर मंडळाकडून स्पर्धेचा कागद येतो. आई नेटवरून एक बोधकथा शोधते आणि वहीत दीड पान उतरवते. मग कुणीतरी ताई हावभाव बसवतात. 'राजा' म्हटलं की मिशीवर ताव, 'दूर' म्हटलं की हात लांब, 'म्हातारी' म्हटलं की कमरेत वाक. मूल आठ दिवस घोकतं. स्पर्धेच्या दिवशी फेटा नाहीतर नऊवारी, चार मिनिटांची घंटा, आणि शेवटी सगळ्यांचं एका सुरात 'तात्पर्य'. परीक्षकांच्या हातातल्या तक्त्यात पाठांतर, उच्चार, हावभाव, वेशभूषा असे रकाने. समोरच्या पोरांना 'पुढे काय झालं?' असं वाटलं का, याला मात्र रकाना नाही!

अशाच एका स्पर्धेला गेल्या वर्षी मला परीक्षक म्हणून बसवलं होतं. चौथीतला एक मुलगा छान रंगात आला होता. मधेच एक वाक्य अडकलं. त्याने मागे जाऊन पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडकला, आणि ओठ थरथरायला लागले. खाली उतरल्यावर मी त्याला जवळ घेऊन विचारलं, "अरे, त्या कोल्ह्याचं पुढे काय झालं?" पठ्ठ्याने डोळे पुसत पुसत सगळं सांगितलं, अगदी शेवटपर्यंत आणि माईकवर सांगत होता त्यापेक्षा कितीतरी छान! म्हणजे गोष्ट त्याला येत होती. तो वाक्य विसरला होता. आपण त्याला वाक्य शिकवलं आणि गोष्ट काढून घेतली.

आता कुणी म्हणेल, बाईंना पाठांतराचं वावडं आहे. मुळीच नाही. चौतीस वर्षं वर्गात पाढे आणि कविता घोकून घेतल्या आहेत मी. कवितेतला शब्द हलला की कविता मोडते. गोष्टीचं तसं नाही. कावळा-चिमणीची गोष्ट घ्या. शेणाचं घर, मेणाचं घर, पाऊस, इथपर्यंत सगळ्यांचं एक. पुढे आमच्या घरी चिमणी कावळ्याला तव्यावर बसवायची, शेजारच्या काकूंकडे त्याला घरात घ्यायची आणि पस्तवायची. खरी कुठली? दोन्ही.

आपल्याकडचा कीर्तनकार बघा ना. दादरला अखिल भारतीय कीर्तन संस्थेत नारदीय कीर्तन रीतसर शिकवतात. पूर्वरंग, उत्तररंग, त्यातली पदं, साक्या, दिंड्या हे सगळं पाठ हवंच. पण आख्यानाचा मधला गद्य भाग? तो कीर्तनकाराचा स्वतःचा. समोर म्हाताऱ्या पेंगायला लागल्या की तो एक दृष्टान्त घुसवतो, पोरं चुळबुळली की युद्ध लवकर आणतो. तेच आख्यान एका देवळात तासभर चालतं आणि दुसरीकडे पाऊण तासात उरकतं. सांगाडा पक्का आणि मांस ताजं. माझ्या मते ही सगळी विद्या एवढ्यातच आहे.

आणि हे काही आपल्या देवळातलंच नाही बरं का. मिलमन पॅरी नावाचे अमेरिकन प्राध्यापक १९३३ ते १९३५ च्या सुमारास युगोस्लाव्हियात गेले होते, सोबत त्यांचा विद्यार्थी आल्बर्ट लॉर्ड. तिथले गवई हजारो ओळींच्या वीरकथा गात. सगळ्यांना वाटायचं, काय ही स्मरणशक्ती! रेकॉर्ड करून ताडून पाहिलं तर तोच गवई तीच कथा दर वेळी वेगळ्या शब्दांत गात होता. ठरावीक शब्दबंध आणि प्रसंग त्याच्या गाठीला असत, बाकीची कथा तो गाता गाता रचत होता. लॉर्ड यांनी १९६० साली त्यावर पुस्तक लिहिलं आणि जगभरच्या विद्वानांना ते पटलं. आमच्या स्पर्धावाल्यांपर्यंत अजून पोचायचंय.

"मग शंकर पाटील, मिरासदार, माडगूळकर?" हा प्रश्न येणारच. आमचे बंधू तर पहिल्याच कमेंटमध्ये विचारतील, म्हणून आधीच उत्तर देते. त्या तिघांनी महाराष्ट्रभर कथाकथन केलं ते स्वतःच्या कथांचं. गावची माणसं, त्यांची बोलण्याची ढब त्यांच्या कानात लहानपणापासून मुरलेली होती, मग ती लेखणीत उतरली, मग तोंडात आली. आजची मुलं यूट्यूबवर ऐकून त्यांच्या आवाजाचे चढउतार तेवढे उचलतात. चांदिवलीच्या विसाव्या मजल्यावरचं पोरगं 'आरं तिच्या मायला' म्हणतं आणि आपण टाळ्या वाजवतो. बिचाऱ्याने बांधावरचा माणूस पाहिलेला नसतो, पण लिफ्टवाले काका रोज भेटतात! त्यांचं बोलणं का नाही येत गोष्टीत?

हे मला नवीन सुचलंय असं नाही. गिजुभाई बधेका वकिली सोडून शिक्षणात आले आणि १९२० मध्ये त्यांनी भावनगरला बालमंदिर काढलं. गोष्ट कशी सांगावी यावर त्यांनी गुजरातीत आख्खं शास्त्र लिहिलं आहे. त्यांच्या 'दिवास्वप्न'मधला मास्तर दंगेखोर वर्गाला छडीने नाही, गोष्टीने बसवतो. आपल्या ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर काम करून आल्या आणि १९४५ मध्ये बोर्डीला आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. म्हणजे आपल्याच पश्चिम रेल्वेवर, डहाणूच्या पुढचं घोलवड स्टेशन. बोरीवलीहून निघालं की थेट तीच लाइन. एवढ्या जवळ हे होऊन गेलं आणि आपण तात्पर्य पाठ करून घेतोय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही गोष्टीतून शिकवा असं लिहिलं आहे. त्यामुळे आता तर स्पर्धा वाढणारच. धोरणाचं पुढे काय होतं हे मास्तरकी केलेल्याला सांगायला नको.

"पण बाई, स्पर्धेने स्टेजची भीती जाते." जाते की. एखाद्याची जाते, एखाद्याची कायमची बसते. घ्या ना स्पर्धा, पण तिला 'गद्य पाठांतर स्पर्धा' म्हणा. माझी हरकत नाही.

शिकवायचंच असेल तर आधी ऐकवा, भरपूर. वही-पेन्सिल बाजूला. गोष्टीचे चार-पाच टप्पे ध्यानात राहिले की मुलाने ती लगेच शेजारच्याला सांगायची, संध्याकाळी आजीला, दुसऱ्या दिवशी रिक्षातल्या मित्राला. दर वेळी ऐकणारा वेगळा हवा आणि त्याला मधे तोंड घालायची मुभा हवी, कारण 'का?' विचारणारा समोर असल्याशिवाय सांगणारा तयार होत नाही. आणि आजी-आजोबांनो, मुलाने मधेच 'क्रो' म्हटलं तर लगेच 'कावळा म्हण' असं टोकू नका हो! गोष्ट संपू दे. दुसऱ्या दिवशी आपण सांगताना कावळा म्हणावं, ते आपोआप उचलतं. आमच्या सोसायटीत शनिवारी गच्चीखालच्या जिन्यात सात-आठ पोरं जमतात. त्यात गुजराती दोन आहेत, त्यांच्याकडची चका-चकीच्या खिचडीची गोष्ट आता सगळ्यांना येते, अर्धी मराठी, अर्धी गुजराती. चालतं.

मागच्या शनिवारी पहिलीतल्या एकाने कावळा-चिमणी सांगितली. त्याच्या गोष्टीत कावळ्याचं घर पावसात वाहून गेलं नाही. रिडेव्हलपमेंटला गेलं! बिल्डरने सहा महिने भाडं दिलं आणि मग बंद केलं, म्हणून कावळा चिमणीच्या दारात. चिमणीने विचारलं, "किती दिवस राहणार?" कावळा म्हणाला, "ओसी मिळेपर्यंत." मोठी पोरं तर लोळायची बाकी राहिली. एका मुलीला मात्र हसू आलं नाही. त्यांची इमारत दोन वर्षांपूर्वी पाडली आहे. ती म्हणाली, "मग चिमणीने घेतलं का आत?" आणि सांगणारा थांबून विचार करायला लागला.

खाली त्याची आई उभी होती, माझीच जुनी विद्यार्थिनी. म्हणाली, "बाई, शाळेच्या स्पर्धेला हीच गोष्ट देऊ का? फक्त बिल्डर तेवढा काढून टाकते."

मी म्हटलं, "बिल्डर राहणार असेल तरच दे."