उसातला बिबट्या आणि पलंगावरचा

नारायणगावात आमचं चादरी-पडद्यांचं दुकान आहे. थंडीच्या तोंडावर पानिपतचा माल उतरतो आणि गठ्ठा फोडला की सगळ्यात आधी वाघ बाहेर पडतो. जाडजूड मिंक ब्लँकेट, त्यावर हे एवढं तोंड आणि रोखून बघणारे डोळे. मग बिबट्याच्या ठिपक्यांच्या चादरी, झेब्र्याचे पट्टे, त्यांना जोडीचे अभ्रे. भावावरून घासाघीस रोजचीच. पण एकाच घरातली माणसं गल्ल्यासमोर आपसांत भांडतात ती या मालावरून.

पुण्या-मुंबईत हा वाद ‘भारी की भडक’ एवढ्यावर मिटत असेल. आमच्या जुन्नर तालुक्यात बिबट्या उसात राहतो, उसातच पिल्लं घालतो. माणिकडोहला त्याच्यासाठी वनखात्याचं निवारा केंद्र आहे. शेळ्या, वासरं गेलेली घरं गावोगाव सापडतील, माणूस गेलेलीही आहेत. अशा ठिकाणी ठिपक्यांची चादर उलगडली की सून म्हणते, “किती मस्त!” आणि सासूबाई पुढे केलेला हात मागे घेतात. एका आजींनी तर मलाच सुनावलं, “पोरगा रात्री दारं धरायला गेला की त्याच्या धाकानं डोळा लागत नाही. आता तोच अंगाखाली घेऊन झोपू व्हय?” यावर फॅशनचं कोणतं उत्तर देणार? मी मुकाट्यानं मोरांची सोलापुरी चादर काढली.

पोरांचं उलटं. त्यांना तोच हवा असतो, आणि तोही अस्सल. चादर उजेडात धरून मला शिकवतात की हे सुटे भरीव ठिपके चित्त्याचे, बिबट्याच्या पाठीवर पाकळ्या जुळवल्यासारखी कडी असतात. खरं आहे ते. छपाईवाल्याला हा फरक कळत नाही, आमच्या दहावीतल्या पोराला कळतो.

मला राग येतो तो तिसऱ्या प्रकारच्या गिऱ्हाइकाचा. गावाकडून शहरात गेलेलं, नवा फ्लॅट घेतलेलं. मिंकचं ब्लँकेट बघून नाक मुरडणार, “हे फार चीप दिसतं हो.” आणि मॉलमध्ये तेच ठिपके फिकट बदामी रंगात, सुती कापडावर, चौपट किमतीला दिसले की ‘क्लासी’ म्हणून उचलणार. ख्रिश्चन दिओरने 1947 साली पॅरिसमध्ये आपल्या पहिल्याच कलेक्शनमध्ये बिबट्याचे ठिपके आणले, तेव्हापासून ही नक्षी श्रीमंतांच्या अंगावर मिरवते आहे. तिथं ती डौलदार आणि आमच्या शेतमजुराच्या खाटेवर बटबटीत? हा नजरेचा दोष नाही, खिशाचा आहे. शिवाय नाक मुरडणाऱ्यांच्या देवघरातही महादेव व्याघ्रचर्मावरच बसलेले असतात. खरं कातडं परवानगीशिवाय घरात ठेवण्यावर 1972 च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आली. छापील कातड्यासाठी कुणाचा जीव जात नाही, हे एक बरंच म्हणायचं.

म्हणून सगळंच सुंदर असं मी म्हणणार नाही. मला स्वतःला तोंडाचं ब्लँकेट आवडत नाही. पायथ्याशी वाघ डोळे वटारून बसलाय आणि आपण घोरतोय, हे काही पटत नाही. झेब्रा डबल बेडवर अंथरू नये; एवढे पट्टे एकदम बघितले की डोळे गरगरतात, त्याचे दोन अभ्रे घ्यावेत, पुरे. ठिपके मात्र कामाचे. डोक्याचं तेल, चहाचा डाग, पोरांचे पाय, सगळं पोटात घालतात. घेताना चादर पूर्ण उलगडून बघा. रोलरवर छापलेल्या मालात साधारण दर 64 सेंटिमीटरवर तीच नक्षी पुन्हा येते. ती टप्प्याटप्प्यानं डोळ्यांत भरत असेल तर जनावर हरवतं आणि नुसती फरशी दिसते.

आणि कुणाची आवड खरी धरायची? माझ्या मते पलंगावर जो झोपतो त्याची. पाहुणा चार घटका बसून, चहा पिऊन जातो. त्याच्या डोळ्यांसाठी रात्र कशाला घालवायची? दोघं झोपत असतील तर ज्याला नको आहे त्याचं ऐकावं. आवडती चादर नसली म्हणून कुणाची झोप उडत नाही, धास्तीनं मात्र उडते.

लग्नसराई तोंडावर आहे. आहेरात वाघ-बिबटे देणार असाल तर नवरा-नवरीला आधी विचारा आणि पावती जपून ठेवा. न धुतलेली चादर आम्ही बदलून देतो. धुतलेली परत घेत नाही.