हिरवळ कुणासाठी?

ऊसतोडीहून परतलेल्या आमच्या बाया उन्हाळ्यात टँकरपुढे घागरी मांडतात. अशाच दिवसांत बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत लॉनवर सकाळ-संध्याकाळ पाइप सोडलेला आम्ही पाहिला. पोरांनी पाय ठेवायचा नाही, शेळीने तोंड लावायचे नाही. सारखे कापलेल्या गवताला फूलही येत नाही. मग हे पाणी कुणासाठी?

बीडजवळचा पालवणचा डोंगर जरूर पाहून यावा. वन खात्याच्या उजाड जमिनीवर अभिनेते सयाजी शिंदे व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे 'सह्याद्री देवराई' उभी केली. फेब्रुवारी 2020 मध्ये तिथेच वृक्षसंमेलन भरले आणि अध्यक्ष केले वडाच्या झाडाला! (अध्यक्षीय भाषण लांबले नसावे.)

शाळा-वसतिगृहाला डोंगर लागत नाही. लॉनच्या जागी आपल्या माळावरचीच झाडे लावावीत: तरवड, बोर, कढीलिंब, रुई. तरवडाच्या पानांवर फिक्या पांढऱ्या फुलपाखरांची अंडी सापडतात, कढीलिंबावर काळ्या फुलपाखरांची, रुईवर नारिंगी. अळ्या झाल्या की पाने कुरतडली जाणारच, लगेच औषध फवारू नये. चिमण्या पिलांना अळ्याच भरवतात. रुई मात्र कुंपणाकडेला लावावी, तिचा चीक पोरांच्या डोळ्यांत जाऊ नये.

पहिले दोन उन्हाळे पाणी घालावे लागेल. हात धुतलेले पाणीही चालते. तरवडाच्या वाळलेल्या शेंगांतले बी आताच जमवून ठेवा, रात्रभर भिजवा आणि मृगाचा पाऊस पडला की टोका.