तीच भिंत, तेच घड्याळ



गेल्या ईदला नमाजनंतर आम्ही सोलापुरात सात घरी शीरखुर्मा प्यालो. संध्याकाळी घरी आल्यावर धाकट्याने विचारले, "आज आपण सात घरी गेलो, की एकाच घरी सात वेळा?"

पोराचे काही चुकले नव्हते. सातही घरांत हॉलची एक भिंत राखाडी. तिच्यावर उभ्या पट्ट्यांचे काळपट पॅनेल, पॅनेलवर टीव्ही, टीव्हीच्या वर सोनेरी अ‍ॅक्रिलिकची आयतुल कुर्सी. छताला पीओपी आणि त्याच्या खोबणीत निळी एलईडी पट्टी. समोरच्या भिंतीवर पत्र्याच्या सोनेरी पानांचे मोठे घड्याळ, कोपऱ्यात प्लास्टिकचा वेल. पाचव्या घरात आमचा भाचा सवयीने उजवीकडे हात धुवायला वळला आणि त्याने कपड्यांचे कपाट उघडले.

आम्ही खूप हसलो. पण हसत होतो ते आमच्याच हॉलमध्ये बसून, आणि आमचीही एक भिंत राखाडीच होती. म्हणून या महिन्याचा विषय हाच.

तरुण मंडळींना दोष देण्याआधी आपण आपले दिवस आठवू या. आमच्या लहानपणी प्रत्येक घरात काचेचे शोकेस असायचे. त्यात प्लास्टिकची द्राक्षे, मान हलवणारी बाहुली आणि लग्नात आलेला डिनर सेट. तो सेट कधी खाली उतरायचा नाही. पाहुण्यांनाही स्टीलच्या ताटातच जेवण मिळायचे. टीव्हीला विणलेले आच्छादन, फ्रिजला आच्छादन, आणि भिंतभर बर्फाच्या डोंगरांचे पोस्टर, मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना! हजहून कुणी आले की मक्का-मदिनेचे मखमली चित्र यायचे. सगळ्यांची घरे तेव्हाही सारखीच होती. फरक एवढाच, की ती सजावट खिळ्यावर टांगलेली असायची. कंटाळा आला की उतरवून ठेवता यायची. आजची सजावट भिंतीत, छतात आणि फरशीत जाते. ती काढायची तर घर फोडावे लागते.

आता एकेक गोष्ट पाहू.

छतापासून सुरुवात करू. आमच्याकडे जुन्या धाब्याच्या घरांत माती जाड, आणि भिंतीत वर झरोके. गरम हवा वर जाते आणि झरोक्यातून बाहेर पडते, एवढे साधे शास्त्र त्यात होते. आपण स्लॅबची घरे बांधली तरी वर जाळीच्या खिडक्या ठेवल्या होत्या. पीओपीचे छत खाली उतरले की बहुतेक घरांत त्या जाळ्या त्याच्या मागे बुजतात. पंख्याची दांडी कापावी लागते, हवा कोंडते, मग कूलरही पुरत नाही. वर गळती असली तर ती महिनोन्महिने दिसत नाही. दिसते तेव्हा तपकिरी नकाशाच उमटलेला असतो. छताखाली वायरी झाकायच्या असतील, तर पीओपी जरूर करावे. पण जाळी बुजते का, हे कारागिराला आधी विचारावे.

स्वयंपाकघर हॉलला उघडे ठेवण्याची टूम चित्रात छान दिसते. आपल्या घरी बगार दिला की मिरचीचा ठसका थेट सोफ्यावर बसलेल्या पाहुण्यांपर्यंत जातो. पुरुष पाहुणे आले की आतल्या बायकांची पंचाईत. आमच्या ओळखीच्या तीन घरांत भिंत पाडून स्वयंपाकघर उघडे केले आणि वर्षाच्या आत तिथे जाड पडदा लावला. भिंत पाडायला पैसे गेले आणि पडद्यालाही गेले.

अ‍ॅक्रिलिकच्या आयतींबद्दल उर्दू शिकवणारे म्हणून थोडे स्पष्ट बोलतो. ही अक्षरे मागे चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवतात. नुक्ते सुटे असतात. आपल्या उन्हाळ्यात गोंद सुटतो आणि नुक्ता गळतो. एका घरात सोफ्याखाली सापडलेला नुक्ता मुलाने जिथे जागा दिसली तिथे चिकटवला होता. उर्दूच्या पहिल्या वर्गात आम्ही मुलांना सांगतो, की नुक्ता वर असला तर 'खुदा' आणि तोच खाली उतरला तर 'जुदा'. मग कुरआनच्या शब्दांबाबत किती जपायला हवे? शिवाय वर आयत आणि बरोबर खाली दिवसभर मालिका. अदब राखायचा असेल, तर भिंतीवर आयत एकच असावी, ती छापील किंवा सुलेखनाची चौकटीत, टीव्हीपासून दूर, आणि घरातल्या निदान एकाला तरी वाचता येणारी.

हॉलची गोष्ट निघालीच आहे, तर शाळेतलाही अनुभव सांगतो. पालकसभेत नववीच्या एका मुलीची आई म्हणाली, "घरात अभ्यासाला जागाच नाही." आम्ही विचारले, "हॉल आहे ना?" त्या म्हणाल्या, "हॉलमध्ये बसू देत नाही, सोफा खराब होतो." निळ्या पट्टीच्या उजेडात तशीही वही दिसत नाही. ज्या घरात शोभेचे दिवे बावीस आहेत, त्या घरात पुस्तकावर पडणारा एक दिवा नसावा, याचे वाईट वाटते.

आता आमची गोष्ट. चार वर्षांपूर्वी थोरलीसाठी एक रिश्ता आला. मुलाकडचे पुण्याहून येणार होते. आमचा हॉल तेव्हा साधा होता. खाली शहाबादी फरशी, भिंतीला चुना, खिडकीपाशी आमच्या अम्मांचा लाकडी तख्त आणि त्यावर सोलापुरी चादर. "असा हॉल पाहून ते काय म्हणतील?" हे वाक्य घरात पहिल्यांदा कोण बोलले, यावर आमच्यात अजून एकमत नाही. एवढे खरे, की आठ दिवसांत आम्ही पतसंस्थेतून 1,80,000 रुपयांचे कर्ज काढले. छताला 42,000, सोफ्याला 55,000, चकचकीत फरशीला 48,000, आणि राहिलेले 35,000 पॅनेल, रंग, पडदे आणि भिंतीवरच्या सोनेरी आयतीला. 36 हप्ते. व्याज अर्थातच होते. व्याजाच्या पैशाने आम्ही भिंतीवर अल्लाहचे कलाम लावले. तेव्हा हे आमच्या ध्यानातही आले नाही. दोघेही शिकलेले, दोघेही दुसऱ्यांच्या मुलांना शिकवणारे.

सोफा मोठा होता. त्याच्यासाठी तख्त मागच्या खोलीत गेला. अम्मा त्या दिवशी बहिणीकडे होत्या. संध्याकाळी आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मेरा तख्त किधर गया?" आम्ही मागे दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत. पण त्यानंतर त्यांनी हॉलमध्ये बसणे सोडले. सोफा खोल होता. त्यात बसले की त्यांना उठता येत नसे, आणि पाय वर घेऊन बसायची तर सवय आयुष्यभराची. खिडकीतून गल्ली पाहणे, येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम घालणे, भाजीवालीशी भाव करणे, सगळे थांबले. मागच्या खोलीच्या खिडकीतून शेजारच्यांची पाण्याची टाकी दिसते.

पुण्याचे पाहुणे चाळीस मिनिटे बसले. छताकडे कुणी पाहिल्याचे आम्हाला आठवत नाही. मुलाच्या आईने विचारले, "घरात मोठे कोणी आहे का?" आणि त्या मागच्या खोलीत जाऊन अम्मांच्या तख्तावर बसल्या, तिथेच चहा घेतला. रिश्ता मुलाच्या परदेशातल्या नोकरीमुळे जमला नाही. हप्ते सुरू राहिले.

दुसऱ्या हिवाळ्यात, फजरच्या वेळी, अम्मा वजू करून ओल्या पायांनी येत असताना नव्या फरशीवर घसरल्या. मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर. "मोडले ते मनगटच, खुबा वाचला, शुक्र करा," असे डॉक्टर म्हणाले. आम्ही शुक्र केला. पण जुन्या खरखरीत शहाबादीवरून त्या चाळीस वर्षे ओल्या पायांनी चालल्या होत्या, हे आम्हाला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती.

प्लास्टर निघाले त्या दिवशी आम्ही सोफ्याचा एक भाग मागे नेला आणि तख्त पुन्हा खिडकीपाशी आणला. मोरीपासून हॉलपर्यंतच्या पट्ट्यात खडबडीत मॅट फरशी बसवली, भिंतीला धरायला स्टीलची दांडी लावली. सगळा खर्च 7,000 रुपये. त्या 1,80,000 मध्ये हे 7,000 आम्हाला सुचले नव्हते.

थोरलीचे लग्न पुढे दुसरीकडे झाले, अलहम्दुलिल्लाह. तिच्या सासरचे पहिल्यांदा आले ते भर पावसात, आणि छतावर तेव्हा नुकताच तपकिरी नकाशा उमटला होता. तिचे सासरे वर पाहून म्हणाले, "आमच्याकडेही असाच आहे." तेवढ्यावर गप्पा सुरू झाल्या.

दीन आपल्याला सुंदर राहू नका, असे सांगत नाही. घर नीटनेटके असावे, आल्या-गेल्याला बरे वाटावे, यात काहीच वाईट नाही. सहीह मुस्लिममधली एक हदीस आम्हाला या संदर्भात फार आठवते. तिचा आशय असा, की एक बिछाना घरच्या पुरुषाचा, एक त्याच्या पत्नीचा, तिसरा पाहुण्याचा आणि चौथा सैतानाचा. यात पाहुण्याचा हक्क आहेच, पण तो घरच्यांच्या नंतर आहे. आम्ही पाहुण्याचा बिछाना आधी घातला आणि घरच्या म्हातारीचा उचलला.

दुसरी आठवण हजरत आयेशा (रजि.) यांची. त्यांनी घरात चित्रे असलेला पडदा लावला होता. प्रेषितांना (स.) तो आवडला नाही. तेव्हा त्यांनी तो फाडून त्याच्या उशा केल्या. कापड वाया गेले नाही. आमच्याकडे मात्र कंटाळा आला की चांगली वस्तू उकिरड्यावर जाते. आमच्या गल्लीत एकाने आजोबांच्या काळातल्या फुलांच्या सिमेंट टाइल्स फोडून ट्रॅक्टरभर राडारोडा केला. तशा टाइल्स परदेशी फरशीला देशी पर्याय म्हणून भारत टाइल्सने 1922 पासून बनवल्या. आज मोठ्या शहरांतली हॉटेले तीच नक्षी हौसेने बसवून घेतात. म्हणजे दहा वर्षांनी आपल्या गल्लीतही ती 'नवी फॅशन' म्हणून येईल आणि तेव्हा पुन्हा राखाडी फरशी फुटेल.

तुमच्या घरी रंगरंगोटी निघाली असेल, तर खर्चाआधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा आणि थोडे प्रश्न विचारा. इथे रोज कोण बसणार? हे पुसणार कोण? सगळ्यात म्हातारे आणि सगळ्यात लहान माणूस ओल्या पायांनी इथून नीट चालेल का? जानमाज कुठे अंथरायची, दप्तर कुठे ठेवायचे? पैसा हातात आहे, की हप्त्याचा? उत्तरे मिळाली, की अर्धी यादी आपोआप कमी होते. पडदे, चादरी हौसेने बदला. त्या आपल्याच सोलापूर, मालेगाव, भिवंडीच्या मागांवरच्या घेतल्या, तर आपल्याच विणकरांच्या चुली पेटतात, आणि कंटाळा आला तर धुऊन घडी घालून ठेवता येतात.

आमचा शेवटचा हप्ता गेल्या वर्षी फिटला. या सुट्टीत राखाडी भिंत रंगवायची आहे. रंग कोणता, हे अम्मांना विचारले. त्यांनी तख्तावरून भिंतीकडे बराच वेळ पाहिले आणि पिस्ता म्हणाल्या. थोरलीने फोनवरून सांगितले, "पिस्ता फार जुना झाला, मम्मी." डबा आम्ही आणून ठेवला आहे.

तुमच्या घरातली सजावटीची कोणती वस्तू कामाला आली, आणि कोणती नुसती अंगावर आली, ते पत्राने जरूर कळवा.

वस्सलाम.