टेसू आमच्या दारी

दसऱ्याचे सोने वाटून झाले की बहुतेक मराठी घरांतील मुलांना दिवाळीचे वेध लागतात. ग्वाल्हेरच्या मुलांना मात्र मध्येच आणखी एक सण गाठतो. दसऱ्यापासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी येथे टेसू निघतो. तीन काटक्या बांधून उभी केलेली तिकटी, वर मातीचे मिशाळ मुंडके आणि मध्ये तेवणारी पणती, एवढाच टेसूचा देह. मुलगे तो घेऊन दारोदार गाणी म्हणतात आणि पैसे किंवा धान्य पदरात पडेपर्यंत दार सोडीत नाहीत. मुलींची झांझी निराळी. ते अंगभर छिद्रे पाडलेले मडके. आत दिवा ठेवला की उजेडाची नक्षी भिंतींवर फिरते. आमच्या बडोद्याच्या वाचकांना गरब्याचा घट आठवेल.

टेसू म्हणजे भीमाचा नातू बर्बरीक, असे जुनी माणसे सांगतात. कृष्णाने मागितलेले मस्तक त्याने दिले आणि त्या छिन्न मस्तकाने सारे भारतीय युद्ध पाहिले. झांझी ही त्याची नियोजित वधू. म्हणून आश्विन पौर्णिमेच्या रात्री दोघांचे लग्न लावतात आणि लगेच त्यांना निरोप देतात. तुटलेल्या मुंडक्याला भिण्याऐवजी मुलांनी त्याला नवरदेव करावे, ही कल्पना आम्हांस अजूनही मोठी गोड वाटते.

दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये वसविलेल्या लष्करात आमचे बालपण गेले. आमच्या घरी भोंडला कोजागिरीपर्यंत चाले. आत पाटावरच्या हत्तीभोवती बहिणींचा फेर आणि खिरापतीचा तर्क, बाहेर टेसूवाल्यांचा गलका. १९६० नंतरच्या एका वर्षी आम्हीही त्या गलक्यात सामील व्हावयाचे ठरविले, तेव्हा आजी कडाडली, "आपल्या घरचा मुलगा चार लोकांच्या दारी मागत फिरणार?" आजोबा पानाला चुना लावीत म्हणाले, "मुंजीत मागितलीच की त्याने भिक्षा!" आजी निरुत्तर झाली, पण पहिली मूठ तांदळांची आपणच घालणार, ही अट तिने घातलीच.

त्या मागण्याने आम्हांला गल्ली दिली. तोवर हलवाई, शिंपी, वकीलसाहेब ही केवळ दुकाने आणि पाट्या होत्या. आता कोण चटकन पैसा देतो, कोण आधी तीन गाणी म्हणवून घेतो, कोणाकडे आजारी माणूस असल्याने हळू गावे लागते, हे आम्हांला ठाऊक झाले. त्यांनाही आमची नावे ठाऊक झाली.

पुढे आमची कन्या आठ वर्षांची झाली. आम्ही तेव्हा नव्या वसाहतीत राहत होतो. ती झांझी घेऊन मैत्रिणींबरोबर गेली आणि थोड्याच वेळात रडवेली होऊन परतली. एका सद्गृहस्थांनी "चांगल्या घरच्या मुली भीक मागत नाहीत" असे सुनावले होते. "बाबा, आम्ही भिकारी आहोत का?" हा तिचा प्रश्न. मुलीला मुंजीचा दाखला लागू पडेना, आम्ही अडलो. उत्तर सौभाग्यवतींनी दिले. "मागितलेलं घरी ठेवलं तर ती भीक. तुम्ही तर लग्नासाठी वर्गणी गोळा करताय. जा, त्या काकांना लग्नाचं आमंत्रण देऊन ये."

ती गेली. कोजागिरीच्या रात्री गच्चीवर टेसू-झांझीचे लग्न लागले, तेव्हा ते गृहस्थ सहकुटुंब आले, केशरी दूध प्याले आणि नवरदेवापुढे रुपया ठेवून गेले. पुढील वर्षी त्यांचा मुलगा टेसू घेऊन सर्वांत पुढे होता.

आज ती कन्या अमेरिकेत आहे. तेथे ३१ ऑक्टोबरला हॅलोविनच्या रात्री भोपळा कोरून त्यात दिवा ठेवतात आणि मुले सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागतात. आपल्या मुलीला प्रथम घेऊन निघताना तिने आम्हांला दूरध्वनीवर सांगितले, "बाबा, ही इथली झांझीच!" परक्या गावी मुलीला शेजार मिळवून देण्याची वाट तिला शोधावी लागली नाही.

इकडे आमच्या फाटकावर पहारेकरी बसला आहे आणि टेसू क्वचितच आत येतो. मागणारी मुले लाजली तर समजावता येते. दारेच उघडली नाहीत तर काय करावे? परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आपल्या घरांना हे सांगावयास नकोच. तेव्हा येत्या कोजागिरीला दूध थोडे जास्तच आटवावे, आणि पहारेकऱ्याला आधीच सांगून ठेवावे की लग्नाची मंडळी येणार आहेत.