वेणी तरी घालू द्यायची होती

केविन कार्टर यांनी मार्च १९९३ मध्ये सुदानमधल्या आयोद गावी टिपलेलं छायाचित्र आठवतं ना? भुकेनं कोसळलेलं मूल, मागे गिधाड. १९९४ मध्ये त्याला पुलित्झर मिळालं. कार्टरनं मुलाला उचललं का, यावर जगभर वाद झाला. सगळे 'ती मुलगी' म्हणत राहिले. तो मुलगा होता, हे २०११ मध्ये स्पॅनिश पत्रकारांनी त्याच्या वडिलांना गाठल्यावर कळलं. दुष्काळ दिसायलाच हवा. पण आईबापांना विचारायला अठरा वर्षं?

आणि मी? देणगीपत्रकासाठी वस्तीतल्या मुलीचा फोटो मीही काढलाय, मुद्दाम शेंबूड न पुसता. छापलेलं पत्रक तिच्या आईला दाखवलं. ती म्हणाली, "ताई, वेणी तरी घालू द्यायची होती."